नापास होता येईल असं ध्येय

(स्मृती व्याख्यानमालेत डिसेंबर २०२५ मध्ये दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या मास्तरांकडे मी आठवी ते दहावी गणित शिकलो. त्यांच्या हातचा मार खाल्लेली आणखी चार-पाच डोकी समोर दिसताहेत, तेव्हा सांगायला हरकत नाही. उत्तर चुकलं तर मास्तर नुसती लाल काट मारायचे. पण एखाद्याने १ आहे की ७ हे कळू नये असा आकडा गिरबटून ठेवला असेल, म्हणजे तपासणाऱ्याने दया येऊन बरोबर तोच वाचावा, तर त्याला फळ्यापाशी बोलावणं यायचं. "चुकायचं तर नीट चूक," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पर्यावरणाच्या राष्ट्रीय धोरणात ध्येयं कशी ठरवावीत यावर बोला, असं वाचनालयाच्या कार्यवाहांनी सांगितलं तेव्हा मला आधी तेच आठवलं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना साडेआठची एसटी गाठायची आहे त्यांची पंचाईत नको. ज्या ध्येयात सरकारला नापास होता येत नाही, त्याला मी ध्येय म्हणत नाही, सदिच्छा म्हणतो. पर्यावरणाच्या सदिच्छांचा आपल्याकडे सुकाळ आहे. नापास होण्याची सोय फार थोड्या ठिकाणी ठेवलेली आहे.

अकराव्या पंचवार्षिक योजनेचंच घ्या. काळ २००७ ते २०१२. या योजनेत देशपातळीवर मोजता येतील अशी २७ उद्दिष्टं लिहिली होती. त्यातली चार पर्यावरणाची. वन आणि वृक्षाच्छादन देशाच्या क्षेत्रफळाच्या आणखी पाच टक्क्यांवर न्यायचं. सर्व मोठ्या शहरांतली हवा २०११-१२ पर्यंत जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांइतकी स्वच्छ करायची. शहरांतलं सगळं सांडपाणी त्याच मुदतीत शुद्ध करून मगच नदीत सोडायचं. आणि ऊर्जेची कार्यक्षमता २०१६-१७ पर्यंत २० टक्क्यांनी वाढवायची.

यातलं हवेचं उद्दिष्ट पुन्हा एकदा मनात वाचा. जागतिक आरोग्य संघटनेचं त्या वेळचं मानक असं होतं की, अतिसूक्ष्म कणांची, म्हणजे ज्यांना आपण पीएम २.५ म्हणतो त्यांची, वार्षिक सरासरी दर घनमीटर हवेत १० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. आता गंमत पाहा. ही योजना चालू असतानाच, नोव्हेंबर २००९ मध्ये, आपण देशाची स्वतःची नवी हवा-मानकं जाहीर केली. त्यात याच कणांसाठी वार्षिक मर्यादा ठेवली ४० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका दालनात १० चं वचन आणि शेजारच्या दालनात ४० ची परवानगी, तीही त्याच पाच वर्षांत. दोन्ही कागदांवर सरकारचाच शिक्का. २०१२ आलं आणि गेलं. कोण नापास झालं? उत्तरपत्रिकेवर नावच नव्हतं, त्यामुळे निकालही लागला नाही. त्याआधीच्या दहाव्या योजनेने तर सर्व मोठ्या प्रदूषित नद्या २००७ पर्यंत स्वच्छ करू असं म्हटलं होतं. कृष्णाकाठच्या किंवा गोदाकाठच्या माणसाला ते वर्ष कधी उजाडलं ते विचारून पाहा.

आता जंगलाकडे येतो, कारण नापास न होण्याची कला तिथे सगळ्यात बारकाईने पाहता येते. १९५२ च्या राष्ट्रीय वननीतीने म्हटलं की देशाच्या एक तृतीयांश जमिनीवर वन असावं. १९८८ च्या वननीतीने तेच म्हटलं. दहाव्या योजनेने त्याला तारीख दिली: २००७ पर्यंत २५ टक्के, २०१२ पर्यंत ३३ टक्के. आणि भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालानुसार आज वनाच्छादन आहे २१.७६ टक्के, जंगलाबाहेरची झाडं धरली तर २५.१७ टक्के. सत्तर वर्षांत आकडा फार हललेला नाही, तारीख मात्र उलटून तेरा वर्षं झाली.

पण आकडा कमी पडला ही माझी तक्रार नाही. तो आकडा कशाचा, हा माझा प्रश्न आहे. सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टरहून मोठा आणि दहा टक्क्यांहून जास्त भागावर झाडांची सावली असलेला कुठलाही तुकडा हा वनाच्छादनात येतो. मालकी कुणाची, झाड कुठलं, हे पाहिलं जात नाही. फळबागासुद्धा त्यात येतात. देवगडच्या कातळावर सुरुंग लावून, त्या खड्ड्यांत बाहेरून माती आणून भरून ज्यांनी हापूसची कलमं जगवली, त्यांच्या कष्टांना माझा नमस्कार. पण ते जंगल नव्हे, हे त्या बागायतदारालाही ठाऊक आहे. दोडामार्गाकडे उतारावरची जुनी राई तोडून तिथे रबर लावलं, तर काही वर्षांनी उपग्रहाच्या हिशेबात फरक पडतो शून्य. राईत कुंभा होता, ऐन होता, धनेशाचं घरटं होतं. रबराखाली रबरच असतं. टक्केवारी दोघांना सारखेच गुण देते.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. १९८७ च्या पहिल्या अहवालात ४०० हेक्टरपेक्षा लहान तुकडा नकाशावर उमटतच नव्हता. आता एक हेक्टरचा उमटतो. म्हणजे मधल्या काळात जंगल किती वाढलं आणि आपल्या चष्म्याचा नंबर किती सुधारला, हे दोन हिशेब वेगळे काढायला हवेत. वन सर्वेक्षणाने यात लपवाछपवी केली असं मी अजिबात म्हणत नाही. व्याख्या त्यांच्या प्रत्येक अहवालात छापलेली असते. घोळ ध्येयातच आहे. 'एक तृतीयांश' म्हटलं, पण एक तृतीयांश काय, हे ठरवायचं काम आपण मोजणाऱ्यावर सोडलं.

जंगलाचा विषय निघालाच आहे तर महाराष्ट्राची वृक्षलागवडही ओझरती पाहून घेऊ. २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपं, असं लक्ष्य होतं. ३३ कोटी हा आकडा कुठून सुचला असेल ते तुम्हाला सांगायला नको, देवच जाणे. मोजायची होती ती लावलेली रोपं. तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती जगली, हे लक्ष्यात नव्हतं. त्याच खड्ड्यात दरवर्षी नवं रोप, हा आपल्या गावागावातला विनोद काही उगीच जन्मला नाही.

आता जरा माझ्या घरच्या आखाड्यात येतो.

मी रसायनशास्त्र शिकवत होतो तेव्हा आमच्या महाविद्यालयाच्या गच्चीवर हवा तपासायचं एक यंत्र होतं. राष्ट्रीय कार्यक्रमाखाली अशी यंत्रं अनेक महाविद्यालयांच्या गच्च्यांवर होती, अजूनही आहेत. कपाटाएवढा पत्र्याचा डबा, आत मोटर, वर उतरतं छप्पर. चालू केलं की जुन्या पिठाच्या गिरणीसारखा आवाज. हवा आत ओढायची, मोठी धूळ खालच्या कपात पडायची आणि बारीक धूळ काचतंतूच्या पांढऱ्या कागदावर बसायची. आठ-आठ तासांनी कागद बदलायचा. चोवीस तासांत तीन कागद, आठवड्यातून दोन दिवस, वर्षाचे १०४ दिवस. हा राष्ट्रीय नियम.

त्या कागदाचं वजन हे आमचं खरं काम. आधी कागद निर्जल पेटीत ठेवायचा, मग तराजूवर तोलायचा. हवा ओढून झाली की पुन्हा पेटी, पुन्हा तराजू. आठ तासांत पाचशे घनमीटरच्या आसपास हवा त्यातून जायची आणि कागदाचं वजन वाढायचं साधारण पन्नास मिलिग्रॅम. चिमूटभर मिठापेक्षाही कमी. चिमटा न वापरता बोटांनी कागद धरला तर घामाने हिशेब बिघडे. आमचे प्रयोगशाळा सहायक, ज्यांना सगळं महाविद्यालय मामा म्हणे, श्वास रोखून तो कागद तराजूत ठेवायचे. पांढरा कागद संध्याकाळपर्यंत राखाडी व्हायचा, ऊस गाळपाच्या दिवसांत काळपट. मामा तो उजेडासमोर धरून म्हणायचे, "सर, हे आपल्या छातीत गेलं असतं ना?" अहो मामा, गेलंच की. कागदावर आलं ते फक्त नमुन्यापुरतं.

पण १०४ दिवस कधी पुरे व्हायचे नाहीत. भारनियमनात यंत्र बंद. परीक्षांच्या दिवसांत गच्चीची किल्ली परीक्षा विभागाकडे. आणि वर्षातली सगळ्यात घाण हवा असते दिवाळीत, तर दिवाळीत महाविद्यालयाला सुट्टी! वर्षाची सरासरी काढताना लक्ष्मीपूजनाची रात्र आमच्या वहीत कधीच नसायची. ती चोरी नव्हती. पण सरासरी तेवढी गोरी दिसायची.

पुढे एकदा वरून एक साहेब आले. नाव, खातं जाऊ द्या. गच्ची पाहिली, चहा घेतला आणि सहज म्हणाले, "हे यंत्र रस्त्याकडे कशाला? मागच्या इमारतीवर हलवा की. तिकडे वड आहे, आवाजाची तक्रारही येणार नाही." आवाजाची तक्रार खरीच होती. आम्ही यंत्र हलवलं. पुढच्या वर्षी आमच्या शहराची हवा सुधारली. त्या वर्षीच्या तक्त्यात खोटा आकडा एकही नव्हता, आणि त्याखाली सही माझी आहे. मास्तर असते तर मला फळ्यापाशी बोलावलं असतं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झालेला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम. मी त्याचं मनापासून स्वागत केलं होतं. देशात पहिल्यांदाच हवेला आकडा, पाया-वर्ष आणि मुदत हे तिन्ही मिळालं. २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत धूलिकण २० ते ३० टक्क्यांनी कमी करायचे. सुरुवातीच्या यादीत १०२ शहरं. त्यात आपलं सोलापूर, चंद्रपूर, जालना, सांगली, कोल्हापूर. नंतर शहरं वाढली आणि लक्ष्यही वाढलं: २०२५-२६ पर्यंत ४० टक्के घट, किंवा मग राष्ट्रीय मानकाइतकी हवा. कागदावर हे उत्तम आहे. नापास होता येईल असं आहे, म्हणूनच उत्तम.

पण बघता बघता मोजायला उरले फक्त पीएम १०, म्हणजे तुलनेने जाडे कण. अनुदान त्याच्यावर, शहरांची तुलना त्याच्यावर. पीएम २.५ बाजूला पडले. जाडा कण बव्हंशी नाका-घशात अडकतो, अतिसूक्ष्म कण फुप्फुसाच्या तळाशी आणि तिथून रक्तात जातो. जाडा येतो रस्त्यावरून, बांधकामावरून. सूक्ष्म येतो जळण्यातून: चूल, कचरा, डिझेल, कोळसा. एकदा लक्ष्य पीएम १० वर बांधलं की पैसा कुठे जाणार? रस्ते झाडणारी यंत्रं, पाणी शिंपडणारे टँकर, चौकातली कारंजी, पदपथांना फरशा. या कार्यक्रमातला सर्वांत मोठा वाटा रस्त्यावरच्या धुळीवरच खर्च झाला. आयुक्तांना दोष देऊ नका, त्यांना ज्याचे गुण मिळतात तो धडा त्यांनी वाचला.

आणि लक्ष्य दिलं कुणाला? शहराला. चंद्रपूरचं पाहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण होते, देशातल्या पहिल्या चारांत. इथे जास्त गुण म्हणजे जास्त घाण. हद्दीला लागून महाऔष्णिक वीज केंद्र, भोवती कोळशाच्या खाणी. महापालिकेच्या हातात झाडू आहे, चिमणी नाही. पोराला नापास करायचं आणि पुस्तक मात्र शेजाऱ्याच्या कपाटात कुलूप लावून ठेवायचं, असा हा प्रकार.

चिमणीचं काय झालं तेही ऐका. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने कोळशावरच्या वीज केंद्रांसाठी गंधक वायूची मर्यादा ठरवली. मुदत दोन वर्षं. डिसेंबर २०१७ आला, मुदत २०२२ वर गेली. मग केंद्रांचे तीन गट पाडले, गटागटाने तारखा पुढे सरकल्या. पुन्हा सरकल्या. आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना, चारांतल्या तीनहून अधिक, हे गंधक धुऊन काढणारं संयंत्र बसवण्यातून सूटच मिळाली. सूट देणाऱ्यांचं म्हणणं असं की भारतीय कोळशात गंधक कमीच असतं, आजूबाजूच्या हवेत हा वायू मर्यादेतच आहे, आणि संयंत्राचा खर्च शेवटी वीजबिलात येतो. हे म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही, त्यात तथ्य असू शकतं. पण आपल्या कोळशात गंधक किती आहे हे २०१५ साली ठाऊक नव्हतं का? पेपर काढणाऱ्याने दहा वर्षांनी सांगायचं की प्रश्नच अभ्यासक्रमाबाहेरचा होता, आणि मधली दहा वर्षं त्या पोरांनी अभ्यास केला नाही तरी कुणी विचारायचं नाही!

आपल्याला जमतच नाही असं मात्र समजू नका. पेट्रोलमधलं शिसं आठवतं? १ एप्रिल १९९५ ला चार महानगरांत शिसंविरहित पेट्रोल मिळू लागलं, १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच. आज तिशीच्या आतल्या कुणाला हा शब्दसुद्धा माहीत नाही, यापेक्षा मोठं प्रमाणपत्र कुठलं? नंतर बीएस-६, हे वाहनांच्या धुराचं मानक. जानेवारी २०१६ मध्ये ठरलं की बीएस-५ ची पायरी ओलांडून थेट सहावर जायचं आणि १ एप्रिल २०२० ही तारीख पाळायची. इंधनातलं गंधक दशलक्षात ५० भागांवरून १० वर आणायचं होतं. वाहन कंपन्यांनी मुदत मागितली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये सांगितलं की ३१ मार्च २०२० नंतर जुन्या मानकाची नवी गाडी विकता येणार नाही. ती तारीख ऐन टाळेबंदीत येऊन पडली, तरी नवं मानक हललं नाही.

हे का जमलं? तेलशुद्धीकरण कारखाने बोटांवर मोजण्याइतके. गाड्या बनवणारेही तसेच. कुणाकडे काय काम हे स्वच्छ. पंपावरचं पेट्रोल कुणीही तिसऱ्याने तपासावं. आणि चुकलं तर माल विकलाच जाणार नाही, हा दंड आपोआप बसणारा; त्यासाठी फाइल हलवायला नको. धूळ, सांडपाणी, जंगल यांचं असं नाही, तिथे करणारे लाखो आहेत, हे मला मान्य आहे. म्हणून तर तिथे ध्येय लिहिताना जास्त डोकं चालवायला हवं. आपण नेमकं उलट करतो. सोप्या ठिकाणी नेमकं लिहितो आणि अवघड ठिकाणी मोघम.

नदीचं एकच सांगतो. केंद्रीय मंडळाने २०१८ साली देशात प्रदूषित नदीपट्टे मोजले ३५१, २०२२ च्या अहवालात ते ३११ झाले. आनंद आहे. महाराष्ट्रातले मात्र ५३ चे ५५ झाले, आणि दोन्ही वेळा आपला पहिला नंबर. पण हे पट्टे ठरतात ते पाण्यातल्या जैविक ऑक्सिजन मागणीवर, बीओडीवर. लिटरला तीन मिलिग्रॅमच्या वर गेलं की प्रदूषित. विष्ठेतले जिवाणू किती, हे पट्टा ठरवताना पाहत नाहीत. त्यामुळे एखादा पट्टा यादीतून बाहेर पडला तरी तिथे बुडी मारायला मी माझ्या नातवाला पाठवीनच असं नाही. १९८६ साली वाराणसीत गंगा कृती योजना सुरू झाली तीही आंघोळीयोग्य पाणी करण्यासाठी. त्यात मोजायला सोपी पडली ती शुद्धीकरणाची क्षमता, रोज इतके दशलक्ष लिटर. केंद्रं उभी राहिली. काही चालली, काही विजेअभावी बंद. क्षमता मोजणाऱ्याच्या लेखी मात्र बंद केंद्रही उभंच असतं.

विजेतही हेच. २०३० पर्यंत निम्मी स्थापित क्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांची, हे पॅरिस करारातलं आपलं वचन आपण २०२५ मध्येच, पाच वर्षं आधी पुरं केलं. अभिनंदन करायलाच हवं, सौर पटलं उगीच बसत नाहीत. पण आपल्या घरात येणारी वीज अजूनही ७० टक्क्यांहून अधिक कोळशाचीच आहे, कारण सूर्य मावळतो आणि क्षमता मावळत नाही. पास झालेल्याचीही उत्तरपत्रिका एकदा पाहावी, ती यासाठी.

कुणी म्हणेल, हे आपल्याकडचंच. तसं नाही. नेदरलँड्सची गोष्ट थोडी खोलात सांगतो, कारण ती कौतुकाचीही आहे आणि फजितीचीही. १९८८ साली तिथल्या सरकारी सार्वजनिक आरोग्य आणि पर्यावरण संस्थेने अहवाल दिला. त्याचं नाव मराठीत 'उद्याची काळजी' असं होईल. त्यात सरळ लिहिलं होतं की हवा, माती, पाणी टिकवायचं असेल तर कित्येक प्रदूषकं ७० ते ९० टक्क्यांनी कमी करावी लागतील. लक्षात घ्या, आधी निसर्गाला किती झेपतं ते विचारलं, मग आकडा ठरवला. पुढच्या वर्षी त्यावर राष्ट्रीय पर्यावरण आराखडा आला. मुदत एका पिढीची, २०१० पर्यंत. शेती, वाहतूक, उद्योग, वीज, अगदी घरंसुद्धा, प्रत्येकाला आपापला वाटा. उद्योगांशी लेखी करार केले. कामावर येण्या-जाण्याच्या खर्चावरची करसवलत काढून पैसा उभा करायचा ठरला, आणि त्यावरूनच १९८९ च्या मे महिन्यात सरकार कोसळलं. पर्यावरण आराखड्याच्या खर्चापायी मंत्रिमंडळ गेलं, हे आपल्याकडे स्वप्नातही येणार नाही.

पुढे गंधक खूप खाली आलं. शेतीतला नायट्रोजन मात्र आला नाही. शेण-मुताचा अमोनिया हवेत जाऊन संरक्षित गवताळ माळांवर, दलदलींवर उतरत राहिला. मग सरकारने एक शक्कल काढली: उद्या प्रदूषण कमी होणारच आहे, तर त्या भरवशावर आज गोठे वाढवायला परवाने देऊ. २९ मे २०१९ रोजी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ते रद्द केलं. उद्याच्या कमाईवर आजची उधारी नाही, असा त्याचा सरळ अर्थ. हजारो प्रकल्प अडकले आणि ऑक्टोबरमध्ये शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगवर धडकले. तो गुंता अजून सुटलेला नाही. मी त्याला यशोगाथा म्हणत नाही. पण देश नापास झाला ते सगळ्या देशाला कळलं, कुठल्या विषयात झाला तेही कळलं. आपल्याकडे २०१२ साली हे कळलं असतं तर?

आता तुमच्यापैकी कुणी विचारेल, आणि परवा एका निवृत्त अधिकाऱ्याने मला विचारलंच, की सर, नापासाची भीती घातली तर अधिकारी ध्येयच खाली ठेवतील. २० टक्के जमेल तिथे १० लिहितील. बरोबर आहे. तसं होतं, होत आलेलं आहे. यावर माझं उत्तर परीक्षा विभागात वीस वर्षं काढलेल्या माणसाचं आहे. नापास झालेल्याला ऑक्टोबरमध्ये पुन्हा बसता येतं. कॉपी करणाऱ्याला रस्टिकेट करतात. आपण याच्या उलट व्यवस्था उभी केली आहे. हवा सुधारली नाही तर अनुदान कापतो, आणि यंत्र वडाखाली हलवलं तर काहीच करत नाही. शिक्षा आकड्याला नको, लपवण्याला हवी. मोजणारा हा करणाऱ्याच्या हाताखालचा नसावा, एवढं केलं तरी निम्मं काम होईल. यंत्राची जागा, बंद राहिलेले दिवस, बदललेली व्याख्या हे सगळं आकड्याच्या शेजारीच छापलं पाहिजे, तळटीपेत नव्हे. व्याख्या बदलायचीच असेल तर जुन्या व्याख्येनेही पाच वर्षं मोजत राहावं. आणि तारीख पुढे ढकलायची तर संसदेत उभं राहून ढकलावी, रात्री निघालेल्या अधिसूचनेने नव्हे.

आपल्या हवा निर्देशांकाचं परिमाणच ५०० वर संपतं. हवा त्याहून वाईट झाली तरी तो ५०० च म्हणतो. मला ही गोष्ट नेहमी खटकते. नापासातही किती खोल नापास, हे कळायला नको का?

वेळ होत आली. मघाशी सांगितलेल्या स्वच्छ हवा कार्यक्रमाची मुदत ३१ मार्च २०२६ ला संपते. आता चार-आठ दिवसांत तुमच्या घरी नवं कॅलेंडर टांगलं जाईल. दुधाचा, गॅसचा, कामवाल्या मावशींच्या खाड्यांचा हिशेब ज्या चौकोनांत तुम्ही लिहिता, त्यातल्या ३१ मार्चच्या चौकोनात 'हवा' एवढंच लिहून ठेवा. आणि १ एप्रिलला, थट्टा न समजता, महापालिकेत जाऊन तीन गोष्टी विचारा. २०१७ साली आपल्या शहरात पीएम २.५ मोजायचं यंत्र होतं का? आज यंत्र कुठे बसवलंय? आणि गेल्या वर्षी ते किती दिवस बंद होतं? उत्तर लेखी मागा. मिळालं तर त्याची एक प्रत या वाचनालयात आणून द्या. मामा आता नाहीत, पण त्यांच्या हातचे दोन-तीनशे कागद मी अजून जपून ठेवले आहेत. ते मी पुढच्या आठवड्यात इथल्या कपाटात ठेवायला देतो आहे.